फातोर्ड्याला जाताय? मग शिट्टी होईपर्यंत उठू नका

मुंबई सिटी या आमच्या फुटबॉल संघासाठी जवळपास सहाशे किलोमीटर गेलो, रात्रभर गाडीत वरच्या बर्थवर पाय दुमडून झोपलो आणि तीनही गोल मैदानाबाहेर उभा राहून ऐकले. हो, ऐकले. घरी अजून यावर हसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

२४ एप्रिल २०२४, आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या, सेमीफायनलचा पहिला सामना. समोर एफसी गोवा. हा सामना गोव्यात होणार हे पक्कं झालं २० एप्रिलच्या रात्री, गोव्याने मडगावच्या फातोर्डा मैदानावर चेन्नईयिन संघाला २-१ हरवल्यावर. म्हणजे हातात चार दिवस, त्यात मे महिन्याच्या सुट्टीची चाहूल लागलेली. कोकण रेल्वेच्या गाड्यांची वेटिंग लिस्ट बघून भाचा म्हणाला, "मामा, टीव्हीवर बघू." मी ऐकलं नाही. तत्काळचा एसी कोटा आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतो, स्लीपरचा अकराला. स्लीपरवर नशीब काढलं आणि कोकणकन्येची दोन तिकिटं मिळाली. ठाण्याला गाडी मध्यरात्रीच्या सुमारास येते.

पहाटे लवकर उठायची तयारी असेल तर वंदे भारत बरी, दुपारी एकच्या सुमारास मडगावला सोडते आणि साडेसातचा सामना आरामात मिळतो. फक्त शुक्रवारी ती नसते. परतीचं मात्र आधी ठरवा. सामना साडेनवाला सुटतो आणि मुंबईकडची कोकणकन्या संध्याकाळीच गेलेली असते, त्यामुळे मुक्काम धरूनच चाला. कोलव्याच्या किनाऱ्यावर राहायचा मोह आवरा, मडगावातच खोली घ्या. रात्री बस मिळत नाही, आणि टॅक्सीवाला त्या वेळी सांगेल ते भाडं.

स्टेशनबाहेर पायलट उभे असतात. पायलट म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, पुढचा मडगार्ड पिवळा. मुंबईत तेव्हा ही सोय नव्हती याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटायचं. दोघांसाठी दोन पायलट लागतात, भाडं बसण्याआधी ठरवायचं. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, स्टँडजवळ उतरलात तर मैदान चालत पंधरा-वीस मिनिटांवर.

दुपारी शीत-कडी (भात आणि माशाची आमटी), तळलेला बांगडा, किसमूर आणि सोलकढी. किसमूर म्हणजे सुक्या सुंगटांत (कोळंबीत) खोबरं-कांदा कालवून केलेलं. भाच्याने आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा मागून घेतलं. यानंतर दोन तास झोप काढा. एप्रिलच्या घामट हवेत भरल्या पोटी मैदान गाठणं हा मूर्खपणा आहे.

फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम १९८९चं. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने इथे झाले. मला ते आवडतं, कारण भोवती गाव आहे. स्कूटरवर आजोबा, मागे नात, दोघांच्या अंगावर केशरी जर्सी, असं दृश्य आमच्या अंधेरीच्या मैदानावर क्वचित दिसतं. फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ आहे, हे कागदावर वाचायची गरज इथे पडत नाही. आम्ही निळ्या जर्सीत चाललो होतो. टोमणे भरपूर बसले, त्रास कोणी दिला नाही. तरी जर्सीवरून एक साधा शर्ट असू द्या. गेटवर पाण्याची बाटली, पॉवर बँक, सुटी नाणी काढून घेतात, ती खोलीवरच ठेवा.

आत खायला वेफर्स, थंड झालेलं पॅटिस, कोल्ड्रिंक. त्यावर शब्द खर्च करत नाही. खरं खाणं बाहेर गाड्यावर, आणि इथेच माझा घात झाला.

सोळाव्या मिनिटाला गोव्याच्या बोरिस सिंगने गोल केला, छप्पन्नाव्याला ब्रँडन फर्नांडिसने. ०-२. आमचा कोपरा गप्प. पंच्याऐंशी मिनिटं झाल्यावर मी हिशेब केला: आता निघालो तर गर्दीआधी रस आमलेट आणि पायलट, दोन्ही मिळतील. भाचा म्हणाला, "तू जा, मी थांबतो." सोळा वर्षांचा आहे, आशा स्वस्त असते त्या वयात.

गाड्यावाला फेटलेली अंडी तव्यावर पसरवत होता. रस आमलेट म्हणजे आमलेटवर शाकुतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या मसालेदार गोवन कालवणाचा, गरम रस्सा ओतायचा, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. तेवढ्यात आतला गोंगाट बंद पडला, नळ बंद करावा तसा. मिनिटभराने पुन्हा तेच, यावेळी लांबून एका कोपऱ्यातून आरडाओरडा. गाड्यावाल्याने फोन बघितला आणि माझ्या जर्सीकडे न बघता म्हणाला, "दोन-दोन जालें."

आमच्या छांगटेचा नव्वदाव्या मिनिटाला, विक्रम प्रतापचा त्याच्या पाठोपाठ. मी प्लेट सोडून धावलो. गेटवरच्या माणसाने हात आडवा केला. एकदा बाहेर पडलं की परत आत नाही. त्याचं बरोबरच होतं, पण त्या क्षणी मी त्याला बरंच काही बोललो. मग लोखंडी गजांना धरून उभा राहिलो. भरपाईच्या वेळेतलं सहावं मिनिट, आणि पुन्हा तो एकच कोपरा किंचाळला. छांगटेच. ३-२.

केशरी लोक न बोलता बाहेर पडू लागले. त्यांच्यामधून भाचा आला, घसा बसलेला, डोळे लाल. मला बघून त्याने तोंड उघडलं, पण आवाजच येईना, म्हणून नुसती तीन बोटं दाखवली.

पैसे द्यायचे राहिले होते म्हणून गाड्यावर परत गेलो. त्या माणसाने माझी प्लेट दुसऱ्या प्लेटखाली झाकून ठेवली होती. "थंड जालें," एवढंच म्हणाला. नवीन करून देऊ का, हे विचारायच्या मनःस्थितीत तो नव्हता, आणि ते मागायची माझी हिंमत नव्हती. ते थंड आमलेट भाच्याने पावाने पुसून खाल्लं. मी पैसे दिले आणि दोन पायलट शोधायला निघालो. तोवर एकही शिल्लक नव्हता.