काळी वायर

८ मार्च २०२५, शनिवार

आणला एकदाचा. पिकअपच्या हौद्यात बसवायचा पॉप-अप कॅम्पर, १९७४ चा, सहाशे डॉलर. विकणाऱ्या आजींनी पैसे मोजलेसुद्धा नाहीत. नवरा जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून हा कोठारात पडून होता आणि वर कोंबड्या झोपायच्या, हे त्यांनी न विचारता सांगितलं. विकणारा माणूस एवढं खरं बोलला की घासाघीस करायला तोंडच राहत नाही.

हिल्सबरोला दारात लावेपर्यंत अंधार पडला. पाऊस होताच. ऑरेगनमध्ये मार्चात पाऊस नसेल तर लोक आभाळाकडे संशयानं बघतात. बायको छत्री घेऊन बाहेर आली, एक चक्कर मारली आणि म्हणाली, "टेम्पोचा टप आणलास होय?" लेकीला, चिऊला मात्र लगेच पटलं. ट्रेलर मागून ओढतात, हा गाडीच्या पाठीवर बसतो, म्हणजे अंबारी. चालताना छत खाली, मुक्कामाला पोचलं की वर.

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेनं इंधन वाचवायला देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घातली. त्याच वर्षीचा हा. छत बसकं असलं की वारा कमी अडतो आणि पेट्रोल कमी लागतं, हे तेव्हा गिऱ्हाइकाला फार समजावून सांगावं लागलं नसेल. माझे वडील, अण्णा, वीज बोर्डात वायरमन म्हणून लागले तेही १९७४ लाच. हा योग मी खरेदीचं समर्थन म्हणून घरात वापरून पाहिला. चालला नाही.

९ मार्च, रविवार

घड्याळं आज तासभर पुढे गेली. म्हणजे कराड आता साडेबारा तास पुढे. आमच्या सकाळी आठला अण्णांचं जेवण उरकलेलं असतं, बातम्या लागलेल्या असतात.

पुढचा, ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा उघडला. बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा चकचकीत, आतली लाकडी पट्टी चहात जास्त वेळ बुडवलेल्या पारले-जीसारखी. बोटानं निघाली. पाणी कुठून यायचं ते दिसतंच होतं: पत्र्याच्या सांध्यावर सिलिकॉनचे चार थर, दर गळतीला एक नवा. सिलिकॉनचा हा स्वभावच आहे, त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. चारही थर पटाशीनं खरवडून काढायचे आणि खाली ब्यूटाइलची टेप लावायची. ती हाताला मळलेल्या कणकेसारखी लागते आणि वर्षानुवर्षं तशीच मऊ राहते. पत्रा उन्हात फुगला, थंडीत आकसला तरी ती त्याच्याबरोबर सरकते.

आज फक्त खरवडलं. नखं दुखतायत.

२२ मार्च, शनिवार

दिवे लागले!

बॅटरीच्या कप्प्यात दोन वायरी लोंबत होत्या, एक काळी, एक पांढरी. काळी मायनसला लावली, पांढरी प्लसला, आणि आतलं बटण दाबलं तर पन्नास वर्षांपूर्वीचा पिवळा दिवा लागला. एकाच काचेखाली दोन बल्ब आहेत: एक बॅटरीवरचा बारा व्होल्टचा, दुसरा बाहेरून वीज घेतली की लागायचा, एकशेवीसचा. चिऊ आत बसून ते उघडझाप करत राहिली. मी लगेच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

अण्णांनी कौतुक केलं नाही. विचारलं, "काळी कुठं लावलीस?"

"मायनसला."

"का?"

"गाडीत काळी मायनसच असते, अण्णा."

"टेस्टर लावून बघितलंस?"

दिवा लागलाय तर टेस्टर कशाला, असं म्हणालो. पलीकडून नुसतं "बरं" आलं. अण्णांचं हे "बरं" मी लहानपणापासून ओळखतो. गणिताचं उत्तर चुकलं असलं तरी ते "बरं"च म्हणायचे आणि पेपर परत माझ्यापुढे सरकवायचे.

३० मार्च, पाडवा

गुढी गच्चीच्या कठड्याला उभारली, श्रीखंड-पुरी झाली आणि दुपारी कॅम्परचं छत पहिल्यांदा पूर्ण वर केलं. याला मोटर नाही, हायड्रॉलिक नाही. पुढे-मागे बिजागऱ्यांवर दुमडणाऱ्या दोन प्लायवूडच्या फळ्या आहेत. आत उभं राहून आधी मागची ढकलून ताठ करायची, मग पुढची. पुढची ढकलताना बेडवर ओणवं होऊन पाठीनं रेटा द्यावा लागतो. दोन प्रयत्नांत छत परत डोक्यावर आलं. तिसऱ्याला खट्ट आवाज झाला आणि माझ्या डोक्यावर दीड-दोन फूट मोकळी जागा तयार झाली. बायको दारातून म्हणाली, "ही दुसरी गुढी."

कडेचं कापड मात्र गेलंय. घडीच्या रेषांवर जागोजाग भोकं. होड्यांची आच्छादनं शिवणाऱ्या एका दुकानात माप देऊन आलो. आकडा इथे लिहीत नाही, ही रोजनिशी घरात वाचली जाते.

१२ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस पूर्ण लिहायचा आहे.

जुना ११४१ नंबरचा बल्ब जवळपास दीड अँपिअर ओढतो. असे चार लावले की तासाला सहा अँपिअर-तास जातात आणि एक रात्र गप्पा मारल्या तर बॅटरी सकाळी रुसते. म्हणून त्याच खोबणीत बसणारे एलईडी मागवले होते. बसवले. एकही लागला नाही. जुना बल्ब परत लावला तर तो लागतो. एलईडी परत लावला, अंधार. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, खोका परत पाठवायला टेपसुद्धा काढली.

तेवढ्यात चिऊ म्हणाली, "बाबा, हा पंखा बाहेरची हवा आत आणतो का?"

छतातला पंखा स्वयंपाकाची वाफ बाहेर टाकायला असतो. तिनं त्याच्याखाली टिश्यू पेपर धरला होता. कागद वर ओढला जायच्या ऐवजी खाली फडफडत होता. पंखा उलटा फिरत होता.

मी तिथेच बेडवर बसलो. एलईडी एकाच दिशेनं वीज घेतो, उलटी दिली तर मुकाट बसतो. डीसी मोटरला उलटी दिली तर उलटी फिरते. आणि साध्या तारेच्या बल्बला काही फरकच पडत नाही, तो दोन्हीकडून तापतो. तीन आठवडे तो दिवा मला आनंदानं खोटं सांगत होता.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बॅटरी सोडवली, मल्टिमीटर बीपवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक पांढऱ्या वायरीला, दुसरं बाहेरच्या पत्र्याला. बीप. म्हणजे पत्रा पांढरीला जोडलेला, आणि पत्रा मायनसचा, म्हणून पांढरी मायनस आणि काळी प्लस. मी सगळा कॅम्पर उलटा जोडून ठेवला होता.

फ्यूजच्या खोक्याचं झाकण काढलं तर मागच्या प्लायवूडवर पेन्सिलीनं, ठळक अक्षरांत, इंग्रजीत: "ब्लॅक इज हॉट", म्हणजे काळी जिवंत. खाली ऑगस्ट १९८१. आजींच्या नवऱ्याचं अक्षर असणार. त्यांनी सांगून ठेवलं होतं, मीच झाकण उघडलं नव्हतं.

त्याच खोक्यात आणखी एक मौज. बारा व्होल्टची काळी आणि एकशेवीस व्होल्टची काळी, दोन्ही एकाच भोकातून येतात. अमेरिकेतल्या घरांत काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. त्या काळच्या कॅम्परवाल्यांनी तोच रिवाज बॅटरीच्या बाजूलाही चालवला, म्हणून काळी प्लस. ज्या पिकअपवर हा बसणार तिच्यात काळी मायनस. आणि अण्णांच्या आयुष्यभरच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. एका काळ्या रंगाचे चार अर्थ, त्यातला एक जीव घेणारा.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी आठला फोन. कबुलीजबाब दिला. अण्णा हसले नाहीत, उलट खुर्चीत पुढे सरकले.

"आरं, ह्यो तसाच गाडीवर ठिवून प्लग जोडला असतास तर?"

कागदावर मांडलं. कॅम्परची पांढरी प्लग जोडला की पिकअपच्या मायनसला मिळते. माझ्या उलट्या जोडणीत ती कॅम्परच्या बॅटरीचा प्लस होती. आणि पिकअपकडून चार्जिंगला येणारी वायर माझ्या मायनसला. म्हणजे दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ एक, चोवीस व्होल्ट, आणि मध्ये अडवायला काहीच नाही, नुसती तार. फ्यूज असता तर उडाला असता. पण आमच्या फ्यूजची कथा वेगळी. खोक्यात काचेचे सहा फ्यूज आहेत, त्यातल्या एकाला च्युइंगमच्या वेष्टनाची चांदी गुंडाळलेली.

हे ऐकल्यावर मात्र अण्णा खळखळून हसले. त्यांच्या हद्दीतले मळेवाले किटकॅटमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजमध्ये, फ्यूजतारेऐवजी सायकलचा स्पोक घालायचे. एकानं बायकोची केसाची पिन घातली होती. मोटर चालू राहिली पाहिजे, बाकी देव बघून घेईल.

मग जरा वेळानं, टीव्हीचा आवाज कमी करून, त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. मी अर्धवटच ऐकलेली होती. लाइन बंद करून त्यांचा जोडीदार खांबावर चढला होता. लाइन खरंच बंद होती. पण एका वस्तीवर कुणीतरी जनरेटर थेट घरच्या वायरिंगला लावला होता आणि तो करंट उलटा लाइनवर आला. अण्णा खाली दोर धरून उभे होते. त्यानंतर पस्तीस-एक वर्षं नोकरी केली, पण कुणी "बंद आहे" म्हटलं म्हणून त्यांनी तारेला हात लावला नाही. आधी टेस्टर, मग अर्थिंग, मग हात.

"रंगावर जाऊ नको," एवढंच म्हणाले आणि आईला फोन दिला. आईनं श्रीखंडाचं विचारलं.

२६ एप्रिल, शनिवार

दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. एकशेवीसची केबल स्वतंत्र नळीतून स्वतंत्र खोक्यात नेली, ब्रेकर नवा. बॅटरीच्या बाजूच्या प्रत्येक काळ्या वायरीच्या दोन्ही टोकांवर लाल हीट श्रिंक, तापवलं की आवळून बसणारी नळी, चढवलं. पीळ मारून टेप गुंडाळलेले सांधे कापून टाकले, टोकांना धातूचे लग दाबून (क्रिम्प करून) बसवले. घरातला सांधा भिंतीत गप्प बसतो, इथला रोज खडखडतो. च्युइंगमची चांदी चिऊनं मागून घेतली.

पिकअपच्या अल्टरनेटरपासून, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्रापासून, मागच्या बॅटरीपर्यंतची वायर १४ गेजची होती (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). अंतर वीस फूट, येऊन-जाऊन चाळीस, रोध ०.१ ओहम. पंधरा अँपिअर गेले की दीड व्होल्ट वाटेतच खाल्ला जातो. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला पोचतायत १२.७. तासन्‌तास गाडी चालवा, बॅटरी अर्धपोटीच. ६ गेजची वायर टाकली, आता पाव व्होल्टसुद्धा जात नाही. अण्णांना आकडे सांगायची गरज पडली नाही. "लाइन लांब आन तार बारीक, मग शेवटच्या मळ्यावरची मोटर जळनारच," म्हणाले. त्यांना हे १९७४ पासून माहीत आहे, मला इंजिनिअरिंगची पदवी असून कागद लागला.

१० मे, शनिवार

कॅम्पर चढवला, चारही कोपऱ्यांचे टर्नबकल, म्हणजे फिरवून ताणायचे आकडे, आवळले, सात पिनांचा प्लग लावला. उजवा इंडिकेटर दिला तर कॅम्परच्या कडेचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले, गणपतीच्या आरासीसारखे. कॅम्परवाल्यांच्या पद्धतीत हिरवी वायर मागच्या दिव्यांची आणि तपकिरी उजव्या वळणाची, ट्रेलरवाल्यांच्या पद्धतीत नेमकं उलट. या वेळी शिव्या घातल्या नाहीत. मीटर आणला, दोन वायरी बदलल्या, दहा मिनिटांत काम झालं.

फ्यूजच्या खोक्यात, १९८१ च्या ओळीखाली, मीही लिहिलं: "अजूनही. पण मीटर लाव." आधी मराठीत लिहून झालं, मग लक्षात आलं की पुढचा मालक कोण असेल कुणास ठाऊक. खाली इंग्रजीतही लिहिलं.

७ जून, शनिवार, केप लुकआउट

समुद्र शंभरेक पावलांवर, झाडांमुळे दिसत नाही, नुसता ऐकू येतो. पिठलं आणि टॉर्टिया. भाकरीचं पीठ घरी राहिलं. पंखा वाफ बाहेर टाकतोय, चिऊनं टिश्यू धरून खात्री केली. चार एलईडी मिळून एक अँपिअरही नाही. मीटर १२.६ दाखवतोय. फोटो काढलाय, पण इथे नेटवर्क नाही, अण्णांना उद्या टिलामूकला पोचल्यावर पाठवेन.

दहाला पाऊस सुरू झाला. दोघी झोपल्यावर टॉर्च घेऊन चारही कोपरे हातानं चाचपले. मागचे दोन कोरडे. पुढचा डावा, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, तोही कोरडा. उजव्याला बोट ओलं झालं. रुपयाएवढा डाग.

खिशात पेन्सिल होती. डागाभोवती रेघ ओढली, तारीख घातली. सकाळी बघू, रेघेच्या बाहेर जातो का.