विश्वासाने सोपवलेले काहीतरी

सुखी आणि समाधानी आयुष्यासाठी माणसाला काय लागते, असे कोणालाही विचारले तर उत्तर साधारण ठरलेले असते. पोटापाण्याची ददात नसावी, शरीर धडधाकट असावे, घरात भांडणतंटा नसावा आणि जे आहे त्यात समाधान मानण्याची वृत्ती असावी. यातले काहीही खोटे नाही. पण सांगलीत आयुष्य गेल्यामुळे, या चारही गोष्टी पदरात असूनही संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर उदास बसून राहणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि यांतल्या दोन-तीन गोष्टींची वानवा असूनही सकाळी उत्साहाने घराबाहेर पडणारी माणसेही पाहिली आहेत. त्यामुळे या यादीतून एक गोष्ट निसटते, असे मला मनापासून वाटते. कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकून काहीतरी सोपवलेले असणे, ही ती गोष्ट.

पैशाबद्दल आधी बोलते. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य बहुधा ज्याला महिनाअखेरीची चिंता नाही त्याच्याच तोंडी असते. जत किंवा आटपाडीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे, सोसायटीचे कर्ज थकलेले असताना, हे वाक्य उच्चारायचे धाडस मी करणार नाही. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोन अभ्यासकांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवरून असे मांडले होते की, वर्षाला सुमारे 75 हजार डॉलरच्या पुढे उत्पन्न वाढले तरी रोजच्या जगण्यातला आनंद फारसा वाढत नाही. हा आकडा जगभर गाजला. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ या दुसऱ्या अभ्यासकांच्या माहितीत वेगळेच चित्र दिसले, तेव्हा कानेमन यांनी त्यांच्यासोबत सगळे पुन्हा तपासले आणि 2023 मध्ये असे सांगितले की, बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. जे मुळात दुःखी आहेत, त्यांच्याच बाबतीत तो एका मर्यादेनंतर थांबतो. म्हणजे पैसा लागतोच, परंतु काही दुःखे अशी असतात की तिथपर्यंत पैशाचा हात पोहोचत नाही.

मग माणसे लागतात, असे आपण म्हणतो. हार्वर्ड विद्यापीठात 1938 साली सुरू झालेला आणि अजूनही चालू असलेला एक अभ्यास आहे. त्यात काही विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्तीतली काही मुले यांचा म्हातारपणापर्यंत पाठपुरावा केला गेला, आणि ज्यांची नाती आपुलकीची होती ते अधिक आनंदी राहिले, त्यांची प्रकृतीही अधिक चांगली राहिली, असे त्यातून पुन्हा पुन्हा दिसले. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र आपुलकी एकाच दिशेने वाहू लागली की काय होते, हे मी आमच्या घरातच पाहिले.

माझे मामा सांगलीतल्या नदीकाठच्या गावभागात राहतात. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात ते दिवाणजी होते. आवक, वजन, तोलाई, पट्टी, उधारी असे सगळे त्यांच्या वहीत असायचे, आणि हरिपूरच्या कोणत्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, कोणाचा माल आहे हे त्यांना वही न उघडता सांगता यायचे. ते निवृत्त झाल्यावर मुलांनी प्रेमापोटी त्यांच्या हातून एकेक काम काढून घेतले. वीजबिल मोबाइलवरून भरले जाऊ लागले, भाजी घरपोच येऊ लागली, बँकेत जायची गरज उरली नाही. ‘बाबा, आयुष्यभर राबलात, आता निवांत बसा,’ असे थोरला मुलगा म्हणायचा, आणि त्याच्या बोलण्यात निव्वळ माया होती. मामींना तर कृतकृत्य वाटत होते. मामा मात्र दिवसेंदिवस चिडचिडे झाले, मग गप्प झाले. जेवायला हाक मारली की यायचे आणि जेवून पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे. रक्तदाब, साखर, सगळे तपासून झाले. वयोमानाने व्हायचे तेवढेच होते.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथे 45 फूट ही धोक्याची पातळी आहे, यावरून गावभागाचे काय झाले असेल याची कल्पना यावी. मामांच्या गल्लीतली बरीच कुटुंबे एका शाळेत हलवली गेली. पहिल्या संध्याकाळी तिथे नुसता गोंधळ होता: डबे येत होते पण कोणाला मिळाले आणि कोणाला नाही हे समजत नव्हते, औषधांच्या चिठ्ठ्या हरवत होत्या. व्यवस्था पाहणाऱ्या पोरांपैकी एकाने मामांच्या हातात शाळेतली एक कोरी वही दिली आणि म्हणाला, ‘आजोबा, हे आता तुमच्याकडं. तुम्ही सांगाल तसं आम्ही वाटप करतो.’ मामांनी फूटपट्टी मागून घेतली. पानावर उभे रकाने आखले: खोली, कुटुंबप्रमुख, माणसे किती, लहान मूल, औषध, काय मिळाले, काय बाकी. मधुमेहाच्या गोळ्या लागणाऱ्यांच्या नावापुढे त्यांनी लाल पेनाने छोटी फुली केली, कारण त्यांना डबा आधी जायला हवा होता. रात्री ते प्रत्येक वर्गखोलीत जाऊन त्या दिवसाची बाकी मिळवून यायचे. पूर ओसरला, घराच्या भिंतींवर ओल राहिली, सामान गेले, नुकसान मोठे झाले. तरीही मामींनी मला सांगितले की ह्यांचा आवाज परत आला. गल्लीतल्या विठोबाच्या देवळाचा जमाखर्च आणि किल्ली आता मामांकडे असते, आणि देणगीच्या पावतीवरून ते विश्वस्तांशी वादही घालतात.

त्यांच्यासाठी सगळे करणारी माणसे घरात होतीच. त्यांच्यावाचून अडेल असे काही घरात नव्हते, ते त्यांना त्या शाळेत मिळाले. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातही हेच सूत्र होते. एका मजल्यावरच्या वृद्धांना एकेक रोप दिले आणि त्याची काळजी तुम्हीच घ्यायची, तुमच्या खोलीतली मांडणी आणि वेळ कसा घालवायचा हे तुम्हीच ठरवायचे, असे सांगितले. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. काही आठवड्यांनी पहिल्या गटातली माणसे अधिक तरतरीत आणि आनंदी दिसली. प्रयोग लहान होता आणि त्यानंतरच्या काही दाव्यांना अभ्यासकांनी हरकतीही घेतल्या, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये; पण रोप दोघांनाही मिळाले होते आणि फरक होता तो काळजी आणि निर्णय कोणावर सोपवले याचा, एवढे मला पुरते.

आणि खरे तर अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आटपाडीजवळ 1939 साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते, ज्यांना भारतानंद म्हणत, त्या कामात त्यांच्यासोबत होते. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना तिथे उंच भिंतींच्या आड कोंडले नाही. बायकामुलांसह राहायला जागा आणि कसायला जमीन दिली. पळून जायला मोकळी वाट असलेल्या माणसावर जमीन, बैल आणि पीक सोपवायचे, हा केवढा मोठा विश्वास आहे! ती वसाहत आजही आहे. याच राजांनी त्याच सुमारास, महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे, आपल्या संस्थानाचा कारभारही ग्रामपंचायतींच्या हाती दिला होता. औंधला लोक संग्रहालय पाहायला जातात, जरूर जावे. पण या राजाचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे काम हे आहे की, ज्यांच्यावर कोणीही विसंबले नसते अशांवर ते विसंबले.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांच्या बाबतीत हेच केले. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, आणि तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपापली कामे स्वतः करत. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत शिकलेल्या वृद्ध मंडळींशी बोलताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. शेतात खणल्याचे, दगड वाहिल्याचे, भाकरी थापल्याचे ते कष्ट म्हणून सांगत नाहीत. ‘ते आमच्याकडे होते’ असे सांगतात. गरीब घरच्या मुलाला मोफत शिकवता आले असतेच, परंतु त्याच्या हातून काहीतरी उभे राहू देण्याने त्याची मान ताठ राहिली.

इथे एक भेद केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण तो केला नाही तर माझे म्हणणे अन्यायाचे होईल. लादलेले ओझे आणि सोपवलेले काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या कितीतरी सुनांवर घरातले सगळे असते: सासऱ्यांचे पथ्य, मुलांचा अभ्यास, जनावरांचे शेण, पाहुण्यांचा स्वयंपाक. त्यांना जबाबदारी कमी पडते असे म्हणण्याइतके निर्दय दुसरे काही नसेल. त्यांना कमी पडतो तो अधिकार. सगळे करायचे, पण मीठ किती आणि माहेरी कधी जायचे हेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचे, यात विश्वास कुठेच नसतो. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांत हीच गोष्ट पुरुषांच्या बाबतीत दिसते. सातबारा वडिलांच्या नावावर, ऑक्टोबर छाटणी कधी घ्यायची आणि कोणते औषध मारायचे हे वडिलांनी ठरवायचे, आणि चाळिशी उलटलेल्या मुलाने फवारणीचा पंप चालवायचा. तो मुलगा आळशी नसतो, परंतु त्याचे मन बागेत नसते, आणि मग ‘आजकालच्या पोरांना शेतीची आवड नाही’ असे वडील चावडीवर सांगतात. एक एकर जरी त्याच्या निर्णयावर सोडले, तोटा झाला तरी तो त्याचा होऊ दिला, तर बाप-लेक दोघांचे दिवस बदलतील अशी माझी खात्री आहे.

सोपवण्यातला अवघड भाग इथेच आहे. चूक करायची मुभा दिल्याशिवाय काम सोपवले असे होत नाही. आमच्या घरी या वर्षीपासून गॅस सिलिंडर, वीजबिल आणि दुधाचा हिशेब नववीतल्या मुलीकडे दिला आहे. पैसे तिच्याकडे, वही तिची, निर्णयही तिचा. सुरुवातीलाच तिने सिलिंडरची नोंदणी उशिरा केली आणि ऐन पाहुणे असताना गॅस संपला. ‘आता हे तू बघ’ असे माझ्या सासूबाईंनी मला सांगून पाहिले, पण आम्ही काम परत घेतले नाही. सिलिंडर येईपर्यंत विजेच्या शेगडीवर स्वयंपाक केला. आता ती नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहिते आणि तो किती दिवस पुरला याचा हिशेब ठेवते. गेल्या महिन्यात तिने आम्हाला सांगितले की वीजबिलात गिझरचा वाटा सर्वांत मोठा असणार, म्हणून सकाळी सगळ्यांनी लागोपाठ आंघोळ करून घ्यायची. त्याप्रमाणे आजोबांची वेळही बदलली आहे, आणि तेही कुरकुर न करता तिने लावलेल्या क्रमाने जातात.