आईचं "आठवत नाही"

आज आईला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मी तर मनात धरूनच गेले होते की अल्झायमर निघणार. बाबा गेल्यापासून आमटीत दोनदा मीठ, दूध रोज उतू, चष्मा फ्रिजमध्ये. (हो, फ्रिजमध्येच. मेथीच्या जुडीवर.)

डॉक्टरांनी विचारलं, "काकू, गेल्या दिवाळीतला एखादा प्रसंग सांगा."
"दिवाळी काय, नेहमीसारखीच."
"एखादा दिवस?"
"आठवत नाही हो."

तारखेलाही तेच उत्तर. पण जरा धीर दिल्यावर वार, महिना, पंतप्रधान, सगळं बरोबर!

नंतर डॉक्टर म्हणाले, नैराश्यातही स्मरणशक्ती मार खाते. लक्षच लागत नाही, मग गोष्ट डोक्यात नीट नोंदलीच जात नाही. डिमेन्शियाचा (म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाचा) पेशंट बऱ्याचदा विसरणं झाकतो, नैराश्यातला स्वतःच तक्रार करतो. अर्थात या वयात दोन्ही एकत्रही असू शकतं. बी १२ आणि थायरॉईडच्या तपासण्या लिहून दिल्यात.

घरी येऊन वाचत बसले. विल्यम्स आणि ब्रॉडबेंट या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसांबद्दल हे नोंदवलं होतं: नेमका प्रसंग विचारला की उत्तर मोघम येतं. आणि आई मोघम बोलते म्हणून मी तिच्यावर किती वेळा खेकसलेय.

येताना रिक्षात, सिग्नलला, ती एकदम म्हणाली, "कंदिलाचा बल्ब लागेना म्हणून तुझे बाबा तासभर स्टुलावर उभे होते. प्लग लावलाच नव्हता."