ऊन काय, आमच्याकडेही आहे

'वर्षातले तीनशे दिवस ऊन' असं सांगून कोणी नागपूरकराला देश विकायला लागलं, तर हसूच येतं. पोर्तुगालला राहायला जायचं डोक्यात आहे म्हटल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "काऊन गं, धरमपेठेत ऊन कमी पडून राह्यलं का?"

तरी दिवाळी आटोपून, रजा टाकून आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी सेतुबालला आलोय. लिस्बनहून पुलावरच्या रेल्वेने तासाभरावर. लिस्बनची भाडी ऐकूनच तो बेत सोडला होता.

पहिल्या रात्री कळलं की थंडी घराबाहेर कमी आणि आत जास्त आहे. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत हीटिंग नसतं, भिंती ओल धरतात. मे महिन्यात आमच्या गच्चीवर चादर टाकून खाली येईस्तोवर ती कडक वाळते. इथे बाल्कनीतला टॉवेल तिसऱ्या दिवशीही गार, ओलसर. नवऱ्याचे मोजे हेअर ड्रायरने वाळवले. कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. घरमालकीण शांतपणे म्हणाली, खिडक्या उघड्या ठेवत जा.

आणि स्वस्ताई. लंडनचा पगार घेऊन येणाऱ्याला हा देश स्वस्तच. काउंटरशी उभ्याने प्यायची कॉफी युरोभरात मिळते, आणि ती झकास असते. पण दोन बेडरूमचं घर (त्याला इथे 'टे-दोइश' म्हणतात) पाहिलं, तर भाडं साडेनऊशे युरो. वर दोन महिन्यांचं डिपॉझिट, शिवाय 'फियादोर', म्हणजे आपलं भाडं थकलं तर भरेन अशी हमी देणारा माणूस. परक्या गावात तो कुठून आणायचा? एवढ्या भाड्यात धरमपेठेत तीन फ्लॅट सहज येतील.

व्हिसाचं गणित तर आणखी मजेचं. बाहेरच्या कंपनीचं काम इथे बसून करणाऱ्यांसाठी 2022 पासून डी-8 आहे. त्याला इथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. 2025 साली किमान वेतन 870 युरो होतं, म्हणजे महिना 3,480. शंभराचा युरो धरला तर साडेतीन लाख झाले. आमचा हिशेब तिथेच अडला. पेन्शन किंवा घरभाड्यावर जगणाऱ्यांसाठी डी-7 आहे, त्याला मुख्य अर्जदारापुरतं किमान वेतनाएवढं उत्पन्न पुरतं. थोडक्यात, ज्यांना यायचंय ते बसत नाहीत, आणि बाबांचं पेन्शन बरोबर बसतं! यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ दहा वर्षांच्या करसवलतीचे गोडवे गातात, तेही ऐकू नका. ती जुनी योजना नव्याने येणाऱ्यांना आता मिळत नाही.

मग जीव कशात अडकलाय? बाजारात. लिव्रामेंतोच्या मंडईत निळ्या टाइल्सच्या भिंतीखाली मासळीवाल्या बसतात. भाजीवालीला बटाटा म्हटलं की तिला कळतं, कारण शब्द तिचाच. आपला पाव, पगार, चावी, घमेलंसुद्धा यांच्याकडूनच आलेत. संत्र्याला मात्र त्या 'लारांजा' म्हणतात, आणि तो शब्द अरबी-फारसीतून फिरत गेलेला आपला संस्कृत 'नारंग'. गंमत म्हणजे गोड संत्री युरोपात पसरवली पोर्तुगीजांनी, म्हणून तुर्की आणि ग्रीक लोक संत्र्याला पोर्तुगालच्याच नावाने ओळखतात. संत्रानगरीतून आल्यावर हे ऐकून थोडं पोटात दुखलंच.

एक संत्र घेतलं आणि सवयीने देठाकडून नख खुपसलं. आपलं संत्र कसं, ढिल्या सालीचं, दोन हिसक्यांत मोकळं होतं. हे हलेना. रस मनगटापर्यंत ओघळला. भाजीवाली हसली, सुरी काढून चार फोडी करून दिल्या. गोड होतं, नाकारण्यात अर्थ नाही. आंबटपणा जरा कमी पडला.

रात्री बाबांना डी-7 चं सांगितलं. तुमच्या पेन्शनवर व्हिसा मिळतो, समुद्र पायी दहा मिनिटांवर आहे, हवा स्वच्छ आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"संत्र सुरीनं कापा लागते म्हन्तेस ना?" ते म्हणाले. "मंग राहू दे."