ते 1.8 मिलिअँप कुठे जात होते?

निफाड तालुक्यातली डिसेंबरची थंडी द्राक्षवाल्याला वेगळी सांगावी लागत नाही. पारा पाच-सहा अंशांवर आला की मण्यांना तडे जायची भीती, मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं. आमची बाग घरापासून सव्वा किलोमीटरवर. अण्णा रात्रीत दोनदा टॉर्च घेऊन थर्मामीटर बघायला जायचे, ते मला थांबवायचं होतं. म्हणून दर दहा मिनिटांनी बागेतलं तापमान घरी कळवणारं, एका 18650 सेलवर (मोठ्या टॉर्चमध्ये असतो तसा लिथियम-आयन सेल) चालणारं यंत्र बनवलं. दोन नोंदींच्या मधल्या वेळात ते झोपतं, म्हणजे जवळपास सगळं बंद करून वीज वाचवतं. आता ते उत्तम चालतंय. पण मध्ये एका आकड्यापायी तीन आठवडे गेले, आणि त्याची चीड अजून आहे.

पहिला प्रयत्न ईएसपी32 या वाय-फायवाल्या चिपच्या तयार बोर्डावर होता. विकणाऱ्याच्या पानावर ठळक लिहिलेलं: झोपेत फक्त 10 मायक्रोअँप (हजार मायक्रोअँप म्हणजे एक मिलिअँप). सेल दहा दिवसांत संपला. 10 मायक्रोअँप हा आकडा चिपचा आहे, बोर्डाचा नाही. बोर्डावर व्होल्टेज कायम ठेवणारा 1117 जातीचा रेग्युलेटर असतो, तो एकटाच पाचेक मिलिअँप खातो. वर यूएसबीची आयसी आणि कायम जळणारा लाल एलईडी. दुकानाला कळवलं, तर उत्तर आलं, "डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) बघा." शिवाय वाय-फाय बागेपर्यंत पोचवणं हा वेगळाच खटाटोप.

मग प्रो मिनी हा छोटा आर्डुइनो बोर्ड घेतला, 3.3 व्होल्ट आणि 8 मेगाहर्ट्झवाला (5 व्होल्टवाला घेऊ नका, एका सेलवर चालवायला तो कामाचा नाही). त्याला आरएफएम95 हा लोरा रेडिओ (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा) आणि डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर. बोर्डावरचा एलईडी आणि रेग्युलेटर काढून टाकला, त्या जागी एमसीपी1700 हा रेग्युलेटर लावला. तो स्वतःसाठी दोनेक मायक्रोअँपच घेतो. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतं, तिथे लोरा सव्वा किलोमीटर सहज गेला. ऑक्टोबरअखेर यंत्र बागेत बसलं. हिशेबाने सेल वर्षभर हलायला नको होता.

नाताळच्या आसपास एका रात्री सव्वादोनला 9 अंशांची नोंद आली आणि पुढे काहीच नाही. घरचा गजर तापमान 6 च्या खाली गेल्यावर वाजणार होता. नोंदच नाही तर वाजणार कसा? पहाटे अण्णा सवयीने उठले म्हणून निभावलं. ते एवढंच म्हणाले, "याच्या भरवशावर झोपलो असतो तर?" ते मला फार लागलं.

सेल काढून बघितला तर पार रिकामा. साठ दिवसांत 2600 मिलिअँप-तास संपले, म्हणजे झोपेतसुद्धा 1.8 मिलिअँपच्या आसपास जात होते. व्हायला हवे होते 10 मायक्रोअँप. जवळपास 180 पट.

पहिले चार दिवस नीट मोजण्यातच गेले. मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर लावला की यंत्र सुरूच होईना. त्या रेंजमध्ये मीटरच्या आत मोठा रोध असतो, रेडिओने प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. उपाय साधा निघाला. मीटरची दोन्ही टोकं मगर-क्लिपने जोडून ठेवायची, यंत्र संदेश पाठवून झोपलं की क्लिप काढायची आणि आकडा वाचायचा. पुढचा संदेश जायच्या आत क्लिप परत लावायची. आकडा आला 1.81 मिलिअँप.

मी सगळा दोष प्रोसेसरमध्ये शोधत बसलो. एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) बंद आहे का, ब्राउन-आउट (व्होल्टेज पडलं की रीसेट करणारा पहारा) बंद आहे का, वॉचडॉगने (झोपेतून उठवणारा टायमर) आठ-आठ सेकंदांच्या पंचाहत्तर डुलक्या बरोबर होतात का, मोकळ्या पिना कुठे तरंगतायत का. प्रत्येक वेळी कोड भरायचा, क्लिप लावायची, काढायची. आकडा पाच-पंधरा मायक्रोअँपने हलायचा, बस्स. नोकरी सांभाळून रात्री अकरानंतर हे चालायचं.

शेवटी एका रविवारी सोल्डरगन घेऊन रेडिओची 3.3 व्होल्टची तारच उचलली. 1.81 चे 0.19 झाले.

पण कोडमध्ये तर संदेशानंतर रेडिओ "आयडल"मध्ये जात होता, आणि डेटाशीटमध्ये आयडलपुढे लिहिलंय 1.5 मायक्रोअँप! इथेच मी अडकलो होतो. लायब्ररी (रेडिओ चालवायचा तयार कोड) ज्याला आयडल म्हणते ते डेटाशीटमधलं स्टँडबाय आहे, आणि स्टँडबाय खातं 1.6 मिलिअँप. एकाच शब्दाचे दोन अर्थ, फरक हजार पटींचा. रेडिओला खरंच झोपवायचं तर स्लीपची एक ओळ वेगळी लिहावी लागते. ती लिहिली, तार परत जोडली. आकडा 0.19 वरच राहिला.

हे उरलेले 190 मायक्रोअँप मात्र पाच मिनिटांत सापडले. सेलचं व्होल्टेज मोजायला 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले होते, त्यातून दिवसरात्र प्रवाह वाहत होता. 1 मेगाओहमचे लावले, मोजमाप स्थिर यावं म्हणून मधल्या पिनेला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. मीटरवर 9 मायक्रोअँप दिसले तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी अण्णांना उठवून तो आकडा दाखवला.

सेलच्या व्होल्टेजवर विसंबू नका, हे आधीच लिहायला हवं होतं. ते 3.6 पर्यंत सावकाश उतरतं आणि मग एकदम पडतं. मी सेलचा गजर 3.5 व्होल्टला ठेवलाय, आणि अर्धा तास नोंद आली नाही तरी तो वाजतो. हा दुसरा गजर पहिल्या दिवसापासून हवा होता. अँटेना म्हणून साधारण साडेआठ सेंटिमीटरची सरळ तार पुरते, पण तिच्याशिवाय रेडिओ कधी चालू करू नका, तो जळू शकतो.

या हंगामात छाटणीनंतर बसवलेला सेल माल उतरेपर्यंत 4.05 व्होल्टवर होता. तो काढलेला नाही. एप्रिलच्या खरड छाटणीलाही तिथेच राहील.