टोकियो ते कोबे: आपत्तीची रंगीत तालीम

टोकियोच्या सुमिदा भागात योकोआमिचो नावाचे उद्यान आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे असताना कांतो प्रदेशात भूकंप झाला, तेव्हा लष्करी कपड्यांच्या जुन्या कोठाराची ही मोकळी जागा सुरक्षित समजून हजारो लोक गाठोडी, गाद्या, कपाटे घेऊन येथे जमले. त्या सामानानेच पेट घेतला आणि आगीच्या वावटळीत या एका जागी सुमारे ३८,००० माणसे मरण पावली. जपानमधील आपत्ती-शिक्षणाच्या जागा पाहायला निघालेल्या माणसाने सुरुवात येथून करावी, असे माझे मत आहे. कारण येथे आलेले लोक वेळेवर बाहेर पडले होते, पण सोबत काय घ्यावे आणि काय टाकून द्यावे हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नव्हते.

याच भागातील होंजो येथे टोकियो अग्निशमन विभागाचे प्रशिक्षण केंद्र आहे. धुराच्या मार्गिकेत शिरताना प्रशिक्षक तोंडावर रुमाल धरून वाकून चालायला लावतात. धूर निरुपद्रवी असतो हे ठाऊक असूनही दुसऱ्या वळणावर पाठ आपोआप सरळ होऊ लागते. अग्निशामक नळकांडे चालवण्याआधी ‘काजी दा!’ म्हणजे ‘आग लागली!’ असे मोठ्याने ओरडायचे असते, आणि परक्यांच्या घोळक्यात ओरडायला माणूस किती संकोचतो हे तेथे दिसते.

याच विभागाने २०१८ साली आभासी वास्तवाची एक गाडीही आणली असून ती वस्त्यांमधील सरावांच्या ठिकाणी नेली जाते. व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला की भूकंप, आग किंवा पूर अंगावर येतो. दृश्याच्या जोडीला आसन हलते, वारा लागतो, उष्णतेची झळही जाणवते. मी भूकंप निवडला. खोली हलू लागताच मी नसलेल्या टेबलाकडे हात नेला. डोके वाचवण्याची ही पहिली हालचाल पुस्तक वाचून अंगवळणी पडत नाही, त्यामुळे या यंत्राला मी खेळणे म्हणणार नाही. मात्र हेडसेटमध्ये प्रत्येक जण एकटा असतो. शेजारच्या आसनावरचा माणूस घाबरला आहे की हसतो आहे, याचा पत्ता लागत नाही.

टोकियोतीलच आरिआकेच्या आपत्ती-निवारण उद्यानात सुरुवात लिफ्टमध्ये बसणाऱ्या धक्क्याने होते. तेथून अंधाऱ्या वाटेने पडझड झालेल्या रस्त्यावर यायचे आणि हातातील टॅबलेटवरील प्रश्नांची उत्तरे देत पुढे जायचे. पहिले ७२ तास स्वतःच्या बळावर काढायचे, हे या खेळाचे सूत्र आहे. खेळ चांगला आहे, पण त्यातील प्रश्नांना बरोबर उत्तर असते.

शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने कोबेला गेल्यावर या शिक्षणाचे दुसरे अंग पाहायला मिळाले. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५:४६ वाजता येथे झालेल्या भूकंपाने ६,४३४ बळी घेतले. ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढले होते. त्या काळात काम केलेल्या पालिका कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींवरून ‘क्रॉसरोड’ हा पत्त्यांचा खेळ तयार झाला. एका सामुदायिक सभागृहात दुभाष्याला शेजारी घेऊन मी तो खेळलो.

प्रश्न असा होता: निवाऱ्यात ३,००० माणसे आहेत, हाती जेवणे २,००० आहेत, आणखी येण्याची चिन्हे नाहीत, वाटप करायचे का? प्रत्येकाने ‘हो’ किंवा ‘नाही’चे पान पालथे टाकायचे आणि सर्वांनी एकदम उलटायचे. बहुमताच्या बाजूला गुण म्हणून निळे आसन मिळते. पण कोणी एकटाच वेगळा निघाला, तर सोनेरी आसन त्याला मिळते आणि इतरांना काहीच नाही. आमच्या टेबलावर चौघांचे ‘नाही’ निघाले आणि एका आजींचे ‘हो’. “लहान मुले आणि म्हातारी माणसे कुठे झोपली आहेत ते मला ठाऊक आहे, त्यांच्यापासून सुरुवात करीन,” असे त्या म्हणाल्या. मग वादाला तोंड फुटले, आणि निवाऱ्यात कोण कुठे झोपते याची नोंद कोणी ठेवायची यावर तो बराच वेळ चालला. एवढी चर्चा कोणत्याही हेडसेटने घडवून आणलेली मी पाहिली नव्हती.

नंतर ‘हग’ (HUG) हा निवारा चालवण्याचा खेळ खेळलो. शिझुओका प्रांताने २००७ साली तयार केलेल्या या खेळात शाळेच्या नकाशावर निर्वासितांची पाने मांडायची असतात. प्रत्येक पानावर वय, आजार, कुटुंब यांचा तपशील असतो आणि आधीचे पान ठेवून होण्यापूर्वीच पुढचे वाचले जाते. पलीकडच्या टेबलावर व्यायामशाळा भरून गेली, तरी शौचालयाकडे जाणारी वाट कोणी राखलेली नव्हती. खेळ संपताच त्या टेबलावरील दोघे उठले आणि पुढच्या वेळी छापील नकाशाऐवजी आपल्याच वस्तीतील शाळेचा नकाशा मिळेल का, याची संचालकांकडे चौकशी करू लागले.