कोरिडोरास: मिशा, वाळू आणि आतड्यातून घेतलेला श्वास

कोरी, म्हणजे टँकमध्ये पाळला जाणारा कोरिडोरास मासा, तळाला चरत असते आणि चरता चरता एकदम सुसाट वर जाते. पृष्ठभागाला क्षणभर तोंड लावते, तितक्याच वेगाने खाली येते आणि पुन्हा वाळू हुंगायला लागते. नव्याने मासे पाळणाऱ्याला वाटतं, पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. कोरी हवा गिळते. ती हवा आतड्याच्या मागच्या भागात पोचते. तिथली भिंत इतकी पातळ आणि रक्तवाहिन्यांनी इतकी भरलेली असते की हवेतला ऑक्सिजन सरळ रक्तात उतरतो. उरलेली हवा गुदद्वारातून बाहेर पडते. कल्ले आपलं काम करतच असतात, ही वरची सोय आहे. पाणी उत्तम असलं तरी कोरी अधूनमधून वर जातेच, कारण पुढून मागे सरकणारी ही हवा आतड्यातलं अन्न पुढे ढकलायलाही मदत करते.

माझं स्पष्ट मत आहे की कोरीची निगा दोन अवयवांवरून समजून घ्यावी: हे आतडं आणि तोंडाजवळच्या मिशा. टँक, वाळू, खाणं, वाहतूक, अगदी प्रजननसुद्धा या दोघांपाशी येऊन थांबतं. ‘तळ साफ करणारा मासा’ म्हणून कोरी आणणारे या दोन्ही अवयवांची वाट लावतात.

थोडं कुळाविषयी. कोरिडोरास हे कॅलिक्थायिडी या दक्षिण अमेरिकी चिलखती मांजरमाशांच्या कुळातले. अंगावर खवले नसतात, दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी असतात. सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या दोन जाती म्हणजे ब्राँझ कोरी (एनियस) आणि पेपर्ड कोरी (पॅलिएटस). एनियसचं वर्णन गिल यांनी १८५८ मध्ये त्रिनिदादच्या माशांवरून केलं. पॅलिएटसचे नमुने डार्विन यांनी ‘बीगल’ जहाजाच्या सफरीत गोळा केले होते आणि जेनिन्स यांनी १८४२ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. २०२४ मध्ये या मोठ्या गटाची अनेक प्रजातींत फोड झाली, त्यामुळे नव्या याद्यांत एनियस ‘ऑस्टिओगॅस्टर’ आणि पॅलिएटस ‘हॉप्लिसोमा’ या नावाखाली दिसते. विक्रेते अजून सरसकट कोरिडोरासच म्हणतात आणि पाळणाऱ्याचं त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते तापमानाकडे दुर्लक्ष केल्याने. सगळ्या कोरी एकाच पाण्यातल्या नाहीत. पॅलिएटस पाराना नदीच्या खालच्या भागातली आणि उरुग्वेच्या बाजूची, थंड पाण्याची. तिला १८ ते २३ अंश सेल्सिअस मानवतं. एनियस २२ ते २६ मध्ये मजेत राहते. पेरूमधली पांडा ही जात २० ते २५ मध्ये ठेवावी. स्टर्बाई ही जात २४ ते २८ सहज पेलते. डिस्कससारख्या उष्ण पाण्याच्या माशांबरोबर कोरी हवीच असेल तर स्टर्बाई घ्यावी. पॅलिएटसला २८ अंशात ठेवलं तर ती लगेच मरत नाही, पण सतत धापा टाकत राहते, वर जाण्याच्या फेऱ्या वाढतात आणि आयुष्य कमी होतं.

आता वाळू. काचेला नाक लावून कोरी चरताना पाहा. ती तोंड डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसते, घास घेते, खाण्याजोगं तेवढं आत ठेवते आणि बाकीचे दाणे दोन्ही कल्ल्यांच्या फटीतून भुरभुर बाहेर सोडते. मोठ्या खड्यांच्या ग्रॅव्हलवर तिला हे करताच येत नाही. म्हणून दाणा साधारण अर्धा ते एक मिलिमीटरचा, गोलसर कडांचा असावा. नदीची चाळलेली वाळू किंवा पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू, दोन्ही चालतात. बोटांच्या चिमटीत चोळून पाहावी, टोचली तर नको. काचेचा चुरा, पोवळ्याचा चुरा, सँडब्लास्टिंगची वाळू टाळावी. बादलीत पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी, नाहीतर टँक दोन दिवस गढूळ राहतो. थर २ ते ४ सेंटिमीटरचा पुरे. त्याहून जाड थरात, मुळं असलेली झाडं नसतील तर, खाली हवा पोचत नाही आणि सडका वास येऊ लागतो.

मिशा झिजण्याचा दोष नेहमी खड्यांच्या धारेला दिला जातो. धार त्रास देतेच, पण खरं नुकसान घाणीचं. मोठ्या खड्यांच्या फटीत खाणं पडतं, कोरीची मिशी तिथवर पोचत नाही, ते कुजतं, जिवाणू वाढतात आणि खरचटलेल्या मिशीला तिथेच संसर्ग होतो. म्हणून महागडी बारीक वाळू टाकून पाणी बदलायचा आळस केला तरी मिशा जातात. टोकं लालसर किंवा आखूड दिसली की औषध शोधण्याआधी तळ साफ करावा आणि खाणं निम्म्यावर आणावं. स्वच्छ तळावर मिशा पुन्हा वाढतात. पार बुडापासून गेल्या असतील तर मात्र पूर्वीसारख्या होतीलच असं नाही. वाळूवरची घाण नळीने ओढून काढताना (सायफन करताना) नळीचं तोंड वाळूच्या वर एक-दोन सेंटिमीटर धरून हलकेच गोल फिरवलं की घाण उचलली जाते आणि वाळू खाली राहते.

टँक उंच असण्यापेक्षा लांब-रुंद असावा. सहा-आठ एनियससाठी तळ ८० गुणिले ३५ सेंटिमीटर, पाण्याची उंची ३० ते ४०. फार खोल टँकमध्ये हवेच्या प्रत्येक घोटासाठी माशाला उगाच जास्त मेहनत पडते. पाणी काठोकाठ भरून वर काच बसवू नये, तीन-चार सेंटिमीटर हवेची जागा सोडावी. तरंगत्या वनस्पतींनी सगळा पृष्ठभाग झाकला असेल तर एक मोकळा पट्टा ठेवावा. सहापेक्षा कमी कोरी ठेवू नयेत, आणि त्या एकाच जातीच्या असाव्यात. दोन एनियस, दोन पांडा, दोन पॅलिएटस असा मेळ दिसायला बरा वाटतो, पण तो कळप होत नाही. एकट्या-दुकट्या कोरी दिवसभर कोपऱ्यात दडून बसतात.

पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० ते ३० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली, पीएच ६.५ ते ७.५. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलणं हा किमान हिशेब. टँक सायकल होण्याआधी, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढण्याआधी, कोरी सोडू नये, कारण सगळी घाण आधी तळाशी जमते आणि कोरी तिथेच राहते. वर जाण्याच्या फेऱ्यांवर लक्ष असू द्या. नेहमीची गती एकदा ओळखीची झाली की बदल चटकन कळतो. सगळाच कळप मिनिटामिनिटाला वर जाऊ लागला तर ताबडतोब नायट्राइट, अमोनिया आणि तापमान तपासावं. नायट्राइटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते, तेव्हा आतड्याची सोयही पुरी पडत नाही.

खाण्याबाबत सर्वात मोठा गैरसमज म्हणजे कोरी उरलंसुरलं आणि शेवाळ खाऊन जगते. शेवाळ ती खात नाही आणि माशांच्या विष्ठेवर कोणीच जगत नाही. ती मुळात किडे, अळ्या, कृमी खाणारी आहे. रोज बुडणारी छोटी पेलेट (खाण्याच्या गोळ्या) द्यावीत, वरचे मासे हावरट असतील तर दिवा बंद केल्यावर. सुरुवातीला प्रत्येक कोरीमागे दोन-तीन पेलेट टाकून दोन तासांनी टॉर्च मारून पाहावं, उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावं. आठवड्यातून दोन-तीनदा फ्रोजन ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया किंवा ब्राइन श्रिम्प (दोन्ही पाण्यातले बारीक कवचधारी जीव). जिवंत ट्युबिफेक्समधून (चिखलातल्या बारीक कृमींतून) रोग येतात, मी तो सुचवणार नाही. बाजूने पाहिलं तर कोरीचं पोट किंचित फुगीर दिसायला हवं. खातेय तरी पोट आत गेलंय, असं दिसलं तर आतड्यातल्या कृमींचा संशय घ्यावा.

या माशाला हाताळताना काळजी हवी. पाठीच्या आणि छातीच्या परांचा पहिला काटा ताठ उभा राहून कुलपासारखा अडकतो. जाळीत अडकलेली कोरी ओढून काढू नये. जाळी पाण्याखाली धरून थांबावं, सुटलीच नाही तर जाळीचे धागे कात्रीने कापावेत. म्हणून जाळीने नुसतं हाकायचं आणि मासा प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यायचा. काटा बोटात गेला तर मधमाशी चावल्यासारखी आग होते, त्यावर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने आराम पडतो. सिक्लिडसारख्या मोठ्या माशाने कोरी गिळायचा प्रयत्न केला तर काटे त्याच्या घशात रुततात आणि दोघंही मरू शकतात.

घाबरलेली कोरी अंगातून विषारी स्राव सोडते. पिशवीतल्या थोड्या पाण्यात तो साठला की सगळी पिशवी दगावू शकते. पाणी फेसाळ किंवा गढूळ दिसलं तर थांबायला वेळ नसतो. पाठवणाऱ्याने मासे २४ तास उपाशी ठेवावेत, पकडल्यावर थोडा वेळ बादलीत ठेवून मग स्वच्छ पाण्यात पॅक करावेत. आणणाऱ्याने पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नये. लांबच्या प्रवासातून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसणं घातक ठरू शकतं: पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगू द्यावी, तापमान जुळलं की उघडून मासे डब्याने थेट क्वारंटाइन टँकमध्ये (नवे मासे काही दिवस वेगळे ठेवायच्या टँकमध्ये) घ्यावेत.

आता प्रजनन. इथेही आतडं येतं, आणि कोरीविषयीची मला सर्वात थक्क करणारी गोष्ट इथेच आहे. एनियसची मादी नराच्या जननछिद्राला तोंड लावते. वरून पाहिलं तर दोघांचा इंग्रजी टी दिसतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी दाखवलं की मादी शुक्राणू चक्क पिते. मादीच्या तोंडाशी सोडलेला निळा रंग काही सेकंदांत मागून बाहेर आला. शुक्राणू तसेच आतड्यातून झपाट्याने जातात आणि पोटाच्या परांची ओंजळ करून धरलेल्या अंड्यांवर पडतात. हवा ज्या वाटेने जाते तीच ही वाट.

एका मादीमागे दोन नर ठेवावेत. वरून पाहता मादी रुंद आणि आकाराने मोठी दिसते. दोन आठवडे ब्लडवर्म आणि डॅफ्नियाचा मारा करावा. शेवटचे काही दिवस पाण्याची पातळी कमी ठेवावी आणि मग ४० ते ५० टक्के पाणी तीन ते पाच अंश थंड आणि मऊ (क्षार कमी असलेल्या) पाण्याने बदलावं, सोबत फिल्टरचा प्रवाह वाढवावा. हे पावसाळ्याची सुरुवात झाल्यासारखं वाटतं. बाहेर वादळी हवा असेल, हवेचा दाब उतरत असेल, तर यश लवकर येतं. काही झालं नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावं. मादी दर खेपेला थोडीच अंडी ओंजळीत घेऊन काच किंवा पान तोंडाने साफ करते आणि तिथे चिकटवते. हे काही तास चालतं आणि मोठ्या मादीची एकूण अंडी शंभराच्या पुढे सहज जातात. आईबाप ती खातात, म्हणून काढून घ्यावी लागतात. घातल्या घातल्या अंडी मऊ असतात, तास-दोन तास थांबावं, मग बोटाच्या टोकाने काचेवर हळू घोळवली की निघतात.

तीन-चार लिटरच्या डब्यात त्याच टँकचं पाणी, हलका एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि पाणी फिकट निळं होईल इतके मिथिलीन ब्लू या बुरशीरोधक औषधाचे थेंब. चांगली अंडी तपकिरी होत जातात, फलन न झालेली पांढरी पडतात. पांढरी दिवसातून दोनदा ड्रॉपरने काढावीत, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. २४-२५ अंशात तीन ते पाच दिवसांत पिल्लं निघतात. त्यानंतर रोज निम्मं पाणी बदलून निळा रंग घालवावा. पहिले दोन-तीन दिवस पोटाशी पिवळी पिशवी असते, तोवर खाणं देऊ नये. मग मायक्रोवर्म (अगदी बारीक कृमी) आणि ताज्या निघालेल्या ब्राइन श्रिम्प, दिवसातून तीन वेळा, थोडं थोडं.

पिल्लं मरतात ती बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत आणि कारण बहुतेकदा तळच असतो. उघड्या प्लॅस्टिकवर चिकट थर जमतो, पिल्लं पोट टेकून बसतात आणि संसर्ग पोटापासून सुरू होतो. वाळूचा अगदी पातळ, एक-दोन मिलिमीटरचा थर आणि दोन-तीन छोट्या रॅम्सहॉर्न गोगलगायी ठेवल्या की मरतूक बरीच घटते. पाणी ८ ते १० सेंटिमीटरच ठेवावं. आतड्यातून श्वास घेणं पिल्लांना जन्मापासून येत नाही, आणि ते सुरू होईल तेव्हा पृष्ठभाग जवळ असलेला बरा. तोवर एअर स्टोन एक तासही बंद पडता कामा नये. रोज एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून निम्मं पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदलावं. दीड-दोन सेंटिमीटरची झाली की पिल्लं मोठ्या टँकमध्ये सोडता येतात, पण आधी फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावून घ्यावा.